‘स्कॉलरशिप मिळाल्यावरच पैसे द्या’ म्हणणाऱ्यांपासून पोरांना वाचवा

परवा रात्री सांगलीहून दादाचा फोन आला. माझा भाचा बारावीला आहे, उंची सहा फूट सहा इंच, जिल्ह्याच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. फोनच्या आधी दादानं व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला होता, कितीतरी ग्रुप फिरून आलेला, आणि त्याखाली पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाइप केलेल्या कराराचा फोटो. ‘नुसती सही राहिलीय. आत्ता एक रुपयाही द्यायचा नाही. तू एकदा नजर टाक,’ म्हणाला.

मी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात काम करते. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागद, काढून देणं, व्हिसाचे नियम मोडले जात नाहीत ना हे बघणं, हेच माझं रोजचं काम. त्यामुळे हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं, आणि दादाला फोनवर सांगितलेलं सगळं इथे लिहून काढते आहे, कारण हाच मेसेज आता कोल्हापूर, नागपूर, नाशिकच्या पालकांकडेही फिरतोय असं दादा म्हणाला.

मेसेजचा मथितार्थ असा: अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे जुने नियम गेले. प्रोफेशनल खेळलेला खेळाडूही चालतो. मार्कांचं बंधन नाही, सॅट ही प्रवेशपरीक्षा बंद झाली. बारावीनंतर दोन-तीन वर्षं क्लबकडून खेळून, तयार होऊन गेलं तरी चालतं. स्टुडंट व्हिसावर एनआयएलमधून, म्हणजे खेळाडूनं आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन, लाखो डॉलर मिळतात. आपला सतनाम सिंग असाच एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, गेला. आणि आमची फी शून्य, स्कॉलरशिप मिळाली तरच तिच्या १५ टक्के.

दादाला हे शेवटचं वाक्य सगळ्यात प्रामाणिक वाटलं. ‘काम झालं तर पैसे, नाही तर नाही. याहून सरळ माणूस कुठे मिळणार?’ घरी कोणीही असाच विचार करेल. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेज स्पर्धा चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या नियमपुस्तकातला १२.३ हा भाग एजंटांबद्दल आहे. खेळाडूची माहिती, मार्क, उंची-वजन, व्हिडिओ कॉलेजांपर्यंत पोचवण्यासाठी कोणाची मदत घ्यायला तिथे मुभा आहे. त्याचे पैसेही देता येतात. अट एकच: ती फी मुलाला कॉलेजात स्कॉलरशिपवर बसवून देण्याशी जोडलेली नसावी. म्हणजे कोणी सांगितलं की व्हिडिओ बनवून पन्नास कॉलेजांना पाठवायचे वीस हजार घेईन, कोणी घेवो न घेवो, तर ते नियमात बसतं. कोणी सांगितलं की आत्ता काही नको, स्कॉलरशिप झाली की टक्केवारी द्या, तर ते बसत नाही. आपल्याला जे सचोटीचं वाटतं, नियम नेमकं त्यालाच अडवतो.

आता कराराचं सातवं कलम वाचा: ‘विद्यार्थ्यास प्राप्त होणाऱ्या एकूण शिष्यवृत्तीच्या १५ टक्के रक्कम पालक प्रतिवर्षी अदा करतील.’ मुलगा अजून अठराचा नाही, म्हणून सही बापाची. समजा वर्षाला साठ हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली, तर नऊ हजार डॉलर दर वर्षी द्यायचे, तेही रोख हातात न आलेल्या पैशातून. कारण स्कॉलरशिप म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. ती कॉलेजच्या खात्यातच जिरते. पण पैशाचं दुखणं नंतरचं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, खेळायला निघालेल्या प्रत्येक मुलाला एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरकडे नाव नोंदवावं लागतं, आणि तिथल्या प्रश्नावलीत तुमच्या वतीनं कोणी एजंट काम केलं का, हे विचारतात. भाच्यानं खरं लिहिलं, तर तो अपात्र ठरतो. मग कॉलेजनं त्याच्यासाठी अर्ज करून पात्रता परत मागायची, आणि न खेळलेल्या, न बघितलेल्या मुलासाठी कोणता कोच एवढी खटपट करेल? खोटं लिहिलं, तर तो खोटारडेपणाचा वेगळा गुन्हा, आणि तो पोराच्या नावावर. करार करणारा माणूस कुठेच अडकत नाही. स्टॅम्प पेपरवरचा पुरावा मात्र त्याच्याकडे कायम राहतो. उद्या पैसे थकले तर तो कागद कॉलेजला मेल करायला त्याला किती वेळ लागेल?

दादा यावर बराच वेळ गप्प होता.

दुसरा धोका व्हिसाचा, आणि हे माझ्या टेबलावरचं काम आहे. मेसेज म्हणतो, स्टुडंट व्हिसावर लाखो डॉलर. एफ-१, म्हणजे याच स्टुडंट व्हिसावर आलेल्या मुलाला सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेर काम करायचं तर परवानगी लागते, आणि पहिल्या वर्षी ती सहसा मिळतच नाही. परवानगीशिवाय केलेलं काम म्हणजे व्हिसाचा दर्जा गेला. पैसे एनआयएलचे आहेत म्हणून इमिग्रेशनच्या कायद्यानं वेगळी खिडकी उघडलेली नाही.

यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. ६ जून २०२५ ला, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्यातली तडजोड कोर्टानं मंजूर केली आणि १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. बातमी खरी आहे. पण ती तडजोड खेळाडू आणि एनसीएए यांच्यातली आहे, व्हिसाच्या नियमाचं एक अक्षरही तिनं बदललेलं नाही. झॅक एडी हा कॅनडाचा सात फूट चार इंची खेळाडू आमच्याच राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळायचा. २०२३ आणि २०२४, लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. तरी अमेरिकन मुलांसारखी कमाई त्याला करता आली नाही, आणि तो त्याबद्दल उघड बोललाही. काँगोचा ऑस्कर शीबवे केंटकी विद्यापीठाकडून खेळत होता. संघ २०२२ च्या ऑगस्टमध्ये बहामाला गेला, तेव्हा त्यानं जाहिरातीची कामं तिथे उरकून घेतली, कारण ती अमेरिकेच्या जमिनीवर करणं धोक्याचं होतं. देशातल्या अव्वल खेळाडूंना ही कसरत करावी लागते. वकील वाटा शोधतात, काही सापडतातही, पण ते त्या खेळाडूंसाठी, ज्यांच्यामागे कॉलेजची अख्खी वकिलांची फौज उभी असते. सांगलीच्या पोराला ‘लाखो डॉलर मिळतील, त्यातून माझे १५ टक्के दे’ असं सांगणं म्हणजे त्याला थेट परतीच्या विमानात बसवणं.

‘प्रोफेशनल चालतो’ यावर दादानं मला एक बातमी दाखवली. ती खोटी नाही. जेम्स नाजी हा नायजेरियाचा खेळाडू, बार्सिलोनाकडून खेळलेला, २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, एकतिसावा निवडला गेलेला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्याला बेलर विद्यापीठाकडून खेळायची मुभा मिळाली. त्यानं एनबीएचा करार कधी सही केला नव्हता, म्हणून. यावर एवढा गदारोळ झाला की एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी आठवड्याच्या आत जाहीर केलं, एनबीएचा करार केलेल्या कोणालाही पात्रता मिळणार नाही. मग अलाबामा विद्यापीठाकडून पूर्वी खेळलेला आणि नंतर असा करार केलेला कॅनडाचा चार्ल्स बेडियाको कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर परत मैदानात उतरला, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये कोर्टानं पुढे संरक्षण द्यायला नकार दिल्यावर पुन्हा बाहेर गेला.

म्हणजे दार किलकिलं झालंय, हे खरं. २०१० साली तुर्कस्तानच्या एनेस कँटरला केंटकीकडून एकही सामना खेळू दिला नव्हता. फेनेरबाचे क्लबकडून त्याला गरजेच्या खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त मिळाले होते, एवढ्यावरून कायमचं अपात्र. पुढच्या ड्राफ्टमध्ये तो तिसरा निवडला गेला, म्हणजे खेळात काही कमी नव्हतं. ती कडकाई आज उरलेली नाही.

पण हे सैल होणं कोणाच्या फायद्याचं आहे, याचा मेसेज लिहिणाऱ्यानं विचार केलाय का? पुरुषांच्या बास्केटबॉल संघात आता जास्तीत जास्त १५ खेळाडू. त्या १५ जागांसाठी बार्सिलोना, रिआल माद्रिदमध्ये तयार झालेली मुलं येऊ लागली, तर कोच अठरा वर्षांच्या, आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या मुलाला का घेईल? मेसेज ज्याला आपल्या पोरांची संधी म्हणतोय, त्यानं आपल्या पोरांची जागा अरुंद झाली आहे. हे मला लिहिताना वाईट वाटतं, पण भाच्याला मी खोटी आशा दाखवणार नाही.

बाकीचं भराभर सांगते. सॅट-एसीटीची अट २०२३ च्या जानेवारीत काढली, बरोबर. पण मार्क लागतात. नववीपासूनचे १६ मुख्य विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ ची सरासरी ही डिव्हिजन वनची अट तशीच आहे. आपल्याकडे दहावी-बारावीची बोर्डाची मार्कशीट लॅमिनेट करून ठेवतात. नववीचं प्रगतिपुस्तक कोण जपतं? एलिजिबिलिटी सेंटर नववीही मागतं. अकरावीला नुसती ॲडमिशन घेऊन वर्गात न जाता क्लासमध्ये बसलेल्या मुलांनी तर अकरावीच्या निकालाचा कागद आताच शोधावा.

बारावीनंतर दोन-तीन वर्षं खेळून जायचं? बास्केटबॉलला वर्षानुवर्षे नियम असा की शाळा संपल्यावर एक वर्षाची सवलत. त्यानंतर संघटित स्पर्धा खेळत राहिलात तर दर वर्षामागे कॉलेजातला एक हंगाम कापला जातो. आणि कल आहे तो वयाचं बंधन आणखी पक्कं करण्याचा. ‘तयार होऊन जा’ हा सल्ला पोराचे हंगाम खाणारा आहे.

सतनाम सिंगबद्दल तर धादांत खोटं लिहिलंय. तो फ्लोरिडाच्या आयएमजी अकॅडमीत शिकला आणि २०१५ मध्ये थेट ड्राफ्टला गेला, बावन्नावा निवडला गेला. अमेरिकेतल्या कॉलेजकडून तो एक सामनाही खेळलेला नाही. कॉलेजच्या वाटेनं खरोखर गेलेली आपली मुलं बघायची तर मॉनमथ विद्यापीठात गेलेला अमान संधू किंवा सॅन डिएगो विद्यापीठातली हरसिमरन कौर यांच्याकडे बघा. दोघंही एनबीए अकॅडमीच्या कार्यक्रमांतून पुढे आली.

आणखी एक. कोणत्या डिव्हिजनचं कॉलेज, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. हार्वर्ड, येलसारख्या नामांकित विद्यापीठांची आयव्ही लीगही देत नाही. मग १५ टक्के कशाचे?

दादाला मी एवढंच सांगितलं की त्या माणसाला लेखी विचार: फी स्कॉलरशिपवर अवलंबून आहे की नाही, आणि नसेल तर सातवं कलम काढून नवा करार पाठवा. दादानं त्याच रात्री विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘सर, अमेरिकेतले असे नियम कागदावर असतात. तुम्ही काळजी करू नका, फक्त फॉर्ममध्ये आमचं नाव लिहू नका.’

स्टॅम्प पेपर दादानं सही न करता कपाटात ठेवलाय. भाच्याला मी स्वतः फोन करून एलिजिबिलिटी सेंटरचं खातं कसं उघडायचं ते दाखवलं, आणि वहिनी आज सकाळपासून माळ्यावर नववीचं प्रगतिपुस्तक शोधते आहे.