'जिवाशी खेळ' म्हणणाऱ्या वाचकास

रेशी अळंबीचा अर्क आणि लिव्हर फायब्रोसिस (लिव्हरवर व्रण धरणं) या माझ्या लेखाखाली 'एक डॉक्टर' या नावाने आपण लिहिलंत: "उंदराचं लिव्हर सुधारलं म्हणून माणसाचं सुधारत नाही. अळंबी ही वनस्पती नव्हे. अर्धवट माहितीवर लोकांच्या जिवाशी खेळणं बंद करा."

आधी माझी चूक मान्य करतो. अळंबी ही बुरशी, वनस्पती नव्हे. घाईत शब्द गेला, आज दुरुस्त केलाय. आपले आभार.

आता तुमचं शेवटचं वाक्य. ते रात्री साडेअकराला वाचलं आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, माजलगावजवळ शेती करायचा. डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली. माळ लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली, असं सगळे म्हणायचे. माळ लांबली, अण्णा पुन्हा पाण्याच्या पाळीला जाऊ लागला. पुढं रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. ज्या दवाखान्यात तो दोन वर्षं जात होता, तिथं 'लिव्हरवर व्रण धरतायत' एवढं एक वाक्य कुणी त्याला सांगितलं नाही. ताकदीच्या गोळ्या द्यायचे आणि 'तेलकट खाऊ नका' म्हणायचे, बस. पोटात पाणी भरलं तेव्हा सोनोग्राफीत सिरॉसिस दिसला, म्हणजे व्रणांनी लिव्हर पार कडक झालेलं. मग दर पंधरा दिवसांनी पाणी काढायला मी त्याला जीपमध्ये मागं आडवं करून नेत होतो. रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्याच्या तोंडावर दिसायचा. ४३व्या वर्षी गेला. जिवाशी खेळणं कशाला म्हणतात, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आणि या 'खेळणाऱ्या' माणसानं लेखात लिहिलं तरी काय होतं? हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरनं दिलेलं टेनोफोविर, म्हणजे तो विषाणू दाबून ठेवणारं औषध, कुणीही मनानं बंद करू नये. दारू चालू ठेवून अर्क घेण्यात काही अर्थ नाही. रेशीची पावडर घेतल्यावर लिव्हरलाच इजा झाल्याच्या केसेस हाँगकाँग आणि थायलंडमधून नोंदल्या गेल्यात, हेसुद्धा लिहिलंय. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही, याची मला खात्री आहे. शीर्षक वाचलं आणि राग काढला.

उंदरांचं म्हणाल, तर प्रयोग उंदरांवरचे आहेत हे मी कुठं लपवलंय? १९९७ साली कोरियातल्या संशोधकांनी उंदरांची पित्तनलिका बांधून सिरॉसिस घडवला आणि रेशीतल्या पॉलिसॅकराइडनं (साखरेच्या लांब साखळ्यांच्या पदार्थानं) लिव्हरमधलं कोलॅजन, म्हणजे ज्याचे व्रण बनतात ते प्रथिन, कमी झाल्याचं मांडलं. लिव्हरमध्ये 'अ' जीवनसत्त्व साठवणाऱ्या ताराकार पेशी असतात. लिव्हरला मार बसत राहिला की त्याच पेशी रूप पालटतात आणि कोलॅजन विणायला लागतात. उंदरात हेच होतं, माणसातही हेच. यापुढचा वाद संशोधकांनी घालावा, मी त्यात पडत नाही.

माझा स्वतःचा फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, आकडा कमी तितकं बरं) दीड वर्षापूर्वी ९.८ किलोपास्कल होता, गेल्या महिन्यात ७.१ आला. चालणं वाढवलं, साखर सोडली, सहा किलो वजन उतरलं आणि अर्कही घेतला. हे सगळं लेखात आहे. तुम्ही म्हणाल, वजनामुळं झालं. म्हणा. रिपोर्ट माझा आहे.

त्या लेखानंतर गेवराईकडच्या एका मुलानं वडिलांचे रिपोर्ट घेऊन मला विचारलं, "काका, यात एफ-३ लिहिलंय, म्हणजे काय?" एफ-३ म्हणजे सिरॉसिसच्या एकच पायरी अलीकडं. दोन वर्षं कागद घरात पडून होता, कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. मी त्याला त्याच दिवशी पोटविकारतज्ज्ञाकडं धाडलं, अळंबीच्या दुकानात नव्हे. अण्णाच्या वेळी असं सांगणारं कुणी असतं तर!

तुमची प्रतिक्रिया काढून टाकणार नाही. उत्तर द्यायचं असेल तर नाव लिहून द्या. लेखावर माझं नाव आहे.