जीव बदलीवर आलेला, मन मात्र वतनदार

एकनाथांचं भारूड म्हटलं की 'विंचू चावला', हशा, टाळ्या, झालं. त्याच नाथांनी सरकारी कागदांच्या थाटात लिहिलेली भारुडंही आहेत: अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र. ती फारशी कुणी वाचत नाही. 'अर्जदस्त'च्या सुरुवातीलाच 'बंदगी बंदेनवाज' असं फारसी वळणाचं अभिवादन येतं आणि शुद्ध मराठीवाले दचकतात. पण सोळाव्या शतकातल्या निजामशाही मुलखात सरकारला अर्ज करायचा तर तो कुठल्या भाषेत करणार होते?

अर्ज लिहिणारा आहे जिवाजी शेकदार, सोबत बुधाजी कारकून. परगणे (म्हणजे अनेक गावांचा महसुली मुलूख) शरीराबाद, किल्ले कायापूर. तक्रार अशी की परगण्यातली मंडळी सरकारकाम चालू देत नाहीत. मंडळी कोण? दंभाजी शेटे, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी.

'शरीर म्हणजे परगणा, छान रूपक आहे' असं म्हणून आपण पान उलटतो. मला वाटतं, खरी मजा तिथून पुढे आहे, आणि ती वतनव्यवस्था, म्हणजे पिढीजात हक्काच्या कामांची जुनी व्यवस्था, माहीत असल्याशिवाय हाती लागत नाही.

शेकदार म्हणजे वसुलीचा अंमलदार, सरकारनं नेमलेला. आज इथे, उद्या हुकूम आला की चंबूगबाळं आवरायचं. देशमुखाचं तसं नाही. त्याचं वतन पिढीजात. बहमनी राज्य गेलं, निजामशाही आली, देशमुख आपल्या वाड्यात होता तिथेच. वसूल करायचा तर त्याच्याच मार्फत, आणि त्याला दुखावून परगणा चालत नाही हे प्रत्येक अंमलदाराला पक्कं ठाऊक. आता पुन्हा वाचा. नाथांनी जिवाला बदलीचा नोकर केलंय आणि मनाला वतनदार! मनाला हाकलून देण्याची भाषा इथे चालणारच नाही. त्याच्याशी जमवून, त्याला वळवून घ्यावं लागणार, नाहीतर धन्याला कळवावं लागणार. जिवाजी कळवतोच आहे. इतकं व्यवहारी अध्यात्म मी तरी दुसरीकडे क्वचित वाचलंय.

बाकीच्या नेमणुकाही बघण्यासारख्या आहेत. देशपांड्याकडे परगण्याचं दप्तर. ते नाथांनी ममतेच्या हाती दिलंय, म्हणजे कुणी किती दिलं, कुणी किती घेतलं, याचा हिशेब ठेवणारी ती. शेटे-महाजन पेठेतले मानकरी. दंभाला बाजारपेठेइतकी सोयीची जागा कुठली? नाईकवाडी हत्यारबंद शिपाई, तिथे क्रोध. नावं उगाच चिकटवलेली नाहीत, प्रत्येकाला त्याचं खातं मिळालंय.

हे सुचायला कचेरी जवळून पाहिलेली असावी लागते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर, निजामशाहीच्या चाकरीत, हे आपण चरित्रात वाचतो आणि सोडून देतो. हिशेबातली एका पैची चूक शोधत नाथ रात्रभर बसले, ती सापडल्यावर टाळी वाजवली, ही गोष्ट तर शाळेपासून ऐकलेली. (पै होती की रुका, वाद नको.) गोष्ट घडली असो वा नसो, ती एकनाथांबद्दलच सांगितली जाते, याला अर्थ आहे.

'भाव असला की पुरे, इतिहास कशाला?' असं म्हणणारे भेटतात. त्या काळच्या श्रोत्याला टीपा लागत नव्हत्या हे खरं. कारण देशमुखाचा माणूस त्याच्या खळ्यावर येऊन गेलेला असे. तो आधी हसत असणार, मग गप्प होत असणार. आपल्याला हसूच येत नाही, मग पुढचा भाव कुठून येणार?

पण ही जाण फक्त मजा वाढवते असं नाही, ती टोचतेही. नाथांचे 'जोहार' घ्या, म्हणजे महारांनी करायच्या नमस्काराच्या नावाची भारुडं. तिथे बोलणारा महार आहे, आणि शहाणपण त्याच्याच तोंडी आहे. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या ब्राह्मणानं हे करणं मला मोठंच वाटतं. पण वतनाच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? देशमुखाच्या वतनात मान होता. महारवतनात बलुत्याच्या, म्हणजे पिकातल्या वाट्याच्या, बदल्यात अख्ख्या गावाची पडेल ती चाकरी होती. चोखोबा 'तुमच्या महाराचा मी महार' म्हणतात आणि पुढे उष्ट्यासाठी आल्याचं सांगतात. तिथे रूपक किती आणि रोजचं जगणं किती, हे वेगळं काढता येत नाही. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणलं. कायद्यानं ते जायला 1958 उजाडलं. ज्यांच्या आजोबांना वाड्याच्या अंगणात उभं राहून 'जोहार मायबाप' म्हणावं लागलं, त्यांच्या कानांना ते भारूड माझ्यासारखं कसं ऐकू येईल?

म्हणून जोहार म्हणूच नये, असं मी म्हणत नाही. जरूर म्हणावा. पण रंगमंचावर काठी-घोंगडी घेऊन हशा वसूल करण्याआधी निवेदकानं हे वतन काय होतं ते दोन मिनिटं सांगावं. रसभंग होईल म्हणता? होऊ दे.