साधं वरण, फोडणीचं वरण

टोकियोत, निशीकासाईतल्या आमच्या बाल्कनीत तुळस, कढीपत्ता आणि ओवा असं साधंसुधं कुटुंब सुखाने नांदत होतं. गेल्या शरदात शेजारच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी आपलं सात्सुकीचं बोन्साय माझ्या हवाली केलं. "तुमच्याकडे झाडं छान वाढतात," म्हणाल्या. कढीपत्त्याने घात केला.

सात्सुकी म्हणजे जुन्या जपानी पंचांगातला पाचवा महिना; त्यावरूनच या अझेलियाचं, म्हणजे फुलझुडपाचं, नाव पडलं. इतर अझेलिया फुलून गेल्या की ही मेच्या अखेरीला फुलते. उंची दीड वीत, वय पस्तीस. म्हणजे माझ्या नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि आजारपणात त्याच्याइतकीच नाटकी.

पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात, असं जपानी माळी म्हणतात. मला हसू आलं होतं. झारी तिरकी करायला तीन वर्षं? मग कुंडीतली माती पाहिली. जपानच्या तोचिगी प्रांतातल्या कानुमा भागातले ज्वालामुखीचे हलके, पिवळे, आम्लधर्मी खडे. ओले असले की गडद, वाळले की फिकट. आमच्या घरात याची सोपी परिभाषा झाली : गडद म्हणजे फोडणीचं वरण, फिकट म्हणजे साधं. सकाळी मी डबे भरत असताना नवरा बाल्कनीतून ओरडतो, "साधं वरण!" की मी पोळी तव्यावर टाकून झारी घेऊन पळते.

एप्रिलअखेरच्या सुट्ट्यांत हाकोनेला जायचं ठरलं होतं. रद्द. कळ्या धरल्या होत्या ना! दहावीचं पोर घरात असल्यासारखे आम्ही हळू आवाजात बोलत होतो.

आणि फुलली! पानं दिसेनात. एकाच झाडावर पांढरी फुलं, गुलाबी शिंतोड्यांची फुलं, आणि एका फांदीवर निखळ गुलाबी. मी चौतीस फोटो काढले. आजी काठी टेकत आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुंदर. आता सगळी काढा."

झाड दमतं म्हणे. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, त्याआधी छाटणी उरकायला हवी. तीही उफराटी. बाकीची झाडं शेंड्याकडे धावतात, हिचा जोर खालच्या फांद्यांना. म्हणून खाली कात्री सढळ, वर जपून.

मी जड मनाने फुलं ओढायला लागले. पाकळ्यांचं झबलं अलगद निसटून हातात यायचं आणि देठावर हिरवा ठिपका नि लांब केसर तसाच राहायचा. अर्ध्या तासाने कळलं, खरा चोर तो ठिपकाच, बी धरणारा. पुन्हा पहिल्यापासून, चिमटा घेऊन.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, एवढी ताजी फुलं तोडून टाकतेस? देवाला वाहा की!"

पस्तीस वर्षांत त्या झाडाला ही बढती पहिल्यांदाच मिळाली असावी. आमचा चार इंची गणपती फुलांत बुडाला, नुसती सोंड वर.

संध्याकाळी आजी आल्या. देव्हाऱ्यासमोर थबकल्या. मी मनातल्या मनात जपानीत क्षमायाचना जुळवू लागले. त्यांनी चष्मा लावला, गणपतीच्या पायाशी वाकल्या, एक फूल उचलून उलटं केलं आणि बुडाशी निरखून पाहिलं.

"ठिपका आलाय," म्हणाल्या, आणि दुसरं उचललं.