हेडरच्या आधी बोल्टचं बघा

हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा पाइपांचा संच) टाकला की गाडी मोकळी पळते, हे हेडरवरच्या तुमच्या लेखातलं बरोबर. प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप, धूर अडत नाही. पण त्याच जागी कंपनीने बसवलेला जुना बिडाचा मॅनिफोल्ड काढताना काय होतं ते लिहायला हवं होतं राव! माझ्या गाडीचे तो धरून ठेवणारे दोन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) इंजिनाच्या हेडमध्येच तुटले. सात रस्त्याजवळच्या मिस्त्रीचा अख्खा दिवस ते ड्रिल मारून काढण्यात गेला. आदल्या रात्रीच गंज सुटायचं तेल मारून ठेवा. गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) नवीनच घ्या, थोडं चालवून गार झाल्यावर बोल्ट परत आवळा, नाहीतर सांध्यातून धूर गळून टकटक सुरू. पातळ पाइपची धग बॉनेटखाली जास्त, त्यात आपला सोलापूरचा मे महिना! बीएस-६ गाडीत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बऱ्याचदा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तो काढून पीयूसीला काय दाखवणार?