आईचं बोलणं कुठं गेलं?
उद्योगांच्या पैशावर निघालेल्या सामाजिक माहितीपटांना सरसकट जाहिरात म्हणू नये, असं एका लेखात वाचलं, ते मला पटलं. १९३५ मध्ये लंडनच्या झोपडपट्टीवर ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ निघाला, तो तिथल्या गॅस उद्योगाच्या पैशावर. नव्या घरांत गॅस जाणार, हा फायदा उघडच होता. पण भाडेकरूंनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून उंदीर, किडे, पडकी घरं, सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आमच्या सोलापुरात नेमकं हेच राहून गेलं. माझी आई पूर्व भागात तीस वर्षं विड्या वळत होती. एका कंपनीच्या खर्चानं आमच्या गल्लीत शूटिंग झालं. मांडीवरचं सूप, पानं कापायची कात्री, दोरा गुंडाळणारी बोटं, खरंच सुंदर टिपलंय. आई तेलुगूत मजुरीबद्दल बोलली. छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, हे तिनं जीव तोडून सांगितलं. फिल्ममध्ये तिचे हात आहेत, बोलण्याच्या जागी संगीत. तिनं ती दोनदा पाहिली आणि मला विचारलं, “मी बोलले ते कुठं गेलं रे?” मला उत्तर देता आलं नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मार्केटिंगसाठीचं प्रायोजकत्व त्यात धरत नाहीत. त्या पैशातून फिल्मा जरूर काढा. पण पैसा कुणाचा ते सुरुवातीलाच दाखवा, आणि बायकांचं तेलुगू तसंच ठेवून खाली मराठी अक्षरं द्या.