येऊर व्ह्यू, सेमी फर्निश्ड, काकांसकट

मी म्हणे 'सिरियस पार्टी' नाही. असं एका ब्रोकरने दुसऱ्या ब्रोकरला माझ्यासमोर उभं राहून फोनवर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघून मान पण डोलावली, जणू मीच त्याला हो ला हो करावं.

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, बिल्डर भाडं देतोय, महिनाअखेर घर खाली करायचंय आणि सासूबाईंचे गुडघे गेलेत. बास, एवढंच. तर हल्ली रात्री जेवणं आटोपली की मी मोबाईलवर लोकांचे संडास बघत बसते. खोटं नाही सांगत. भाड्याच्या घराच्या जाहिरातीत किचनचा फोटो नसेल, खिडकी नसेल, पण कमोड असतो म्हणजे असतोच, तोही झाकण उघडं ठेवून, समोरून एक आणि वरून एक. एका घराचे सहा फोटो होते, त्यातले दोन एकाच पंख्याचे. एक चालू, एक बंद. आणि पत्ता म्हणाल तर 'ऑफ घोडबंदर रोड', म्हणजे कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत कुठेही शोधा, तुमचं नशीब. पुढे 'स्टेशनपासून 10 मिनिटं'. कासारवडवलीहून! 1853 साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, ते कौतुक आहेच, पण ठाणे स्टेशनवरून पुढे घोडबंदर रोडला लागायचं कसं ते आम्ही अजून रोज शोधतोय. दहा मिनिटांत तिथे पोचायचं तर पहाटे तीनला निघावं लागेल आणि रिक्षावाला हो म्हणावा लागेल, यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड.

असो. तर ही जाहिरात. वन बीएचके, 580 स्क्वेअर फूट, लिफ्ट, सेमी फर्निश्ड, येऊर व्ह्यू, म्हणजे ठाण्यालगतचा तो हिरवा डोंगर दिसणार, सोनेपे सुहागा म्हणजे भाडं आमच्या बजेटमध्ये. फोटो पाच. कमोड, कमोड, गीझर, अर्धा पलंग, आणि हॉल. हॉलच्या फोटोखाली 'हवेशीर हॉल' असं लिहिलेलं आणि त्या हवेशीर हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बनियन घालून एक काका पेपर वाचत बसलेले. मला वाटलं ओनर असतील. ऑफिसात हाफ डे टाकला आणि गेले.

ब्रोकरने दार उघडलं तर काका तिथेच. तीच खुर्ची, तोच कोन, बनियन बहुतेक दुसरं.

"अहो, तुम्ही फोटोतले!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठला फोटो?"

मी मोबाईल दाखवला. काकांनी तो हातात घेऊन लांब धरला, मग जवळ घेतला, मग दोन बोटांनी स्वतःला मोठं केलं. "बरा आलाय की. मला म्हणाला, काका हलू नका, मी पंख्याचा काढतोय." आणि ब्रोकरकडे असं काही बघितलं की तो लगेच "रेंज नाही इथे" म्हणत जिन्यात गेला.

तर हे काका ओनर नाहीत. समोरच्या फ्लॅटमधले. ओनर पुण्याला, त्यांनी घर उघडझाप करायला चावी यांच्याकडे दिलेली. काकांची सून घरून काम करते, दिवसभर तिच्या मीटिंगा चालू, आणि हॉलमध्ये बसलं की काका कॅमेऱ्यात येतात म्हणून घरात भांडणं. "म्हणून मी इथे येऊन बसतो," काका म्हणाले, "घरात कॅमेऱ्यात यायचं नाही, आणि इथे हा बाबा मला अख्ख्या ठाण्याला दाखवत सुटलाय."

मला खरं तर तिथेच कळायला हवं होतं की या माणसाला हे घर भाड्याने जायला नकोय. त्यांची दुपारची झोप जाणार ना. पण काका इतक्या प्रेमाने उठले, "या ताई, मी दाखवतो, त्याला काय माहितीय," म्हणून मी निघाले मागून.

"हे बेडरूम. हे मूळचं किचन बरं का." आणि पलंग भिंतीपासून ओढला. मागे कमरेपर्यंत पांढऱ्या टाइल्स, वरून गुलाबी रंग मारलेला, आणि बरोबर मध्ये नळाची जागा, प्लग ठोकून बंद केलेली. फोटोत पलंग अर्धाच का होता ते आत्ता समजलं. "आणि आत्ताचं किचन म्हणजे मूळची बाल्कनी. पावसाळ्यात फोडणी जपून द्यायची, खालून पाणी येतं." म्हणजे वन आरकेचं, एक खोली नि किचनचं, वन बीएचके केलेलं. मी विचारलं, काका, 580 फूट लिहिलंय. काकांनी खिशातून, म्हणजे लेंग्याच्या खिशातून, मेझरिंग टेप काढली. ही वस्तू हा माणूस कायम जवळ बाळगतो की मी येणार म्हणून आणली होती, देव जाणे. "मी मोजलंय. 310."

"मग बाकीचे 270?"

"काही जिन्यात, काही टेरेसवर, आणि उरलेले जाहिरातीत."

इथे जरा थांबते, कारण हे माझ्या डोक्यातून जात नाहीये. नवीन प्रोजेक्ट असेल तर 2016 च्या रेरा कायद्याने, म्हणजे घरखरेदीच्या कायद्याने, बिल्डरला कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, सांगावाच लागतो, जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नंबर टाकावा लागतो, आणि 2023 च्या ऑगस्टपासून आपल्याकडे क्यूआर कोडसुद्धा. स्कॅन करा, सगळी कुंडली समोर. शिवाय कार्पेट एरियात घराच्या आतल्या भिंती धरतात पण बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे त्या हिशोबाने या घराचं किचन या घरात नाहीच! पण जुन्या बिल्डिंगमधला भाड्याचा फ्लॅट म्हटला की ना नंबर, ना कोड, ना फूट. कोणीही काहीही लिहा. आणि एकदा का घर पसंत केलं की मग मात्र लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करायलाच हवं, 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याला माझं आधार लागतं, अंगठा लागतो आणि फोटो लागतो. माझा फोटो बरं. तो मात्र हललेला चालत नाही.

"लिफ्ट कुठेय काका?" मी सासूबाईंचा विषय काढला.

"आहे की. बी विंगला."

"आणि ही?"

"ए. पण सोय आहे. बी विंगच्या लिफ्टने टेरेसवर जायचं, टेरेस एकच आहे, मग आपल्या जिन्याने खाली दोन मजले उतरायचं. चढायला लागत नाही. फक्त टेरेसची चावी सेक्रेटरीकडे असते."

"मग ते कुठे राहतात?"

"बंगलोरला. मुलाकडे."

हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत होते की माझा हसू दाबायचा प्रयत्न चालला होता आणि त्याच वेळी राग पण येत होता. कापलेला हाफ डे, रिक्षाचे पैसे, मेट्रोच्या कामातून खाल्लेली धूळ. आणि मी निदान एकटी आले होते, सासूबाई आल्या असत्या तर? 'लिफ्ट कुठल्या विंगला' एवढे तीन शब्द टाइप करायला काय पैसे पडतात? कमोडच्या दुसऱ्या फोटोच्या जागी एक लिफ्टचा टाकला असता तर माझे गुडघे... म्हणजे त्यांचे... जाऊ दे.

"आणि व्ह्यू?" आता मला सगळंच बघायचं होतं.

काका खुलले. थेट बाथरूममध्ये नेलं, प्लास्टिकचं स्टूल ओढलं, "चढा." मी म्हटलं नको. म्हणाले, "चढा हो, मी धरतो." चढले. वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी, त्यातली तिसरी पट्टी तुटलेली, आणि त्या फटीतून, शेजारच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आणि कोणाची तरी डिश यांच्या मधून, हिरवा त्रिकोण दिसला. समोशाएवढा.

"येऊर," खालून काका म्हणाले. "पावसाळ्यात जास्त दिसतं."

मी मान वाकडी करून बघतेय तेवढ्यात ब्रोकर परत आला. मला स्टूलवर बघून त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, "बघितलं ना मॅडम, व्ह्यू आहे, मी खोटं टाकत नाही," म्हणाला. मी खाली उतरून किचन, लिफ्ट, 270 फूट, एकेक काढायला लागले तर म्हणे, "मॅडम, फोटो बघूनच आलात ना?" मी म्हटलं फोटोत तर कमोड होता. "मग कमोड आहे की!" यावर काय बोलणार. कमोड होता. झाकण पण उघडंच होतं. मग त्याने तो फोन लावला आणि ते सिरियस पार्टीचं प्रकरण झालं, काकांनी तोवर खुर्ची परत त्याच कोनात लावून पेपर उघडला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मला बिलकुल बरं वाटलं नाही. जिन्यात मात्र एक शंका आली, की सेक्रेटरी खरंच बंगलोरला असतो की इथेच खालच्या मजल्यावर? काकांनी सांगितलेलं टेपने मोजता येईल तेवढंच मी धरून चाललेय.

आज सकाळी घर शोधताना तीच जाहिरात परत वर आली. भाडं हजाराने वाढवलंय, काकांचा फोटो काढून टाकलाय. त्या जागी नवीन एक, खाली लिहिलंय 'येऊर व्ह्यू', आणि फोटोत स्टूलवर टाचा उंचावून, मान वाकडी करून, खिडकीच्या फटीत तोंड घातलेली पाठमोरी बाई. ड्रेस माझा. ओढणी माझी, बादलीत लोंबतेय.

लगेच फोन केला. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, तुमचं तोंड कुठे दिसतंय त्यात? आणि खरं सांगू का, तो फोटो टाकल्यापासून इन्क्वायरी वाढलीय."