नव्या लॅपटॉपची घटस्थापना

लॅपटॉपचं पार्सल घरी आलं ना? मग आता पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: खोका उघडू नका.

ऑनलाइन दुकानांचे सेल पंचांग बघून लागत नाहीत. २०२४ मध्ये तर ते सप्टेंबरच्या अखेरीस, ऐन पितृपक्षात लागले होते आणि दसरा होता १२ ऑक्टोबरला. तुमचं पार्सलही असंच कुठल्या तरी आडदिवशी येणार. समजा, नवरात्रात तिसऱ्या माळेला आलं. साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त आठवड्यावर आलेला असताना सील फोडणारा माणूस करंटाच म्हणायचा. पार्सल आणणारा पोरगा म्हणेल, "काका, खोका उघडून दाखवतो, बघून घ्या, मग ओटीपी सांगा." त्याला म्हणावं, "आज नको रे, दसऱ्याला उघडायचाय," आणि ओटीपी देऊन टाकावा. त्यालाही अजून वीस घरं करायची असतात, तो कशाला आग्रह धरेल? खोका देवघराशेजारी ठेवा. धूळ बसू नये म्हणून वर धुतलेला पंचा टाका.

दुकानाच्या अटींमध्ये अगदी तळाशी लिहिलेलं असतं की सदोष वस्तू मिळाल्यापासून सात दिवसांत बदलून मिळेल. कुठे सात, कुठे दहा. तिसऱ्या माळेपासून दसऱ्यापर्यंत किती दिवस होतात ते बोटांवर मोजत बसू नका. सणासुदीला अभद्र विचार कशाला?

दसऱ्याला सगळं घर जमवून खोका उघडा. व्हिडिओ काढाच, पण त्यात आत्याची पैठणी आणि औक्षणाचं तबक नीट आलं पाहिजे. काही शंकेखोर लोक कॅमेरा मध्ये न थांबवता आधी सील दाखवतात, मग खोक्यावरचा सिरीयल नंबर, मग लॅपटॉपच्या पोटावरचा नंबर, आणि दोन्ही बिलावरच्या नंबराशी ताडून बघतात. ही झाली पत्रिका जुळवणं. ती लग्नाआधी बघतात. तुमच्या तर अक्षता पडल्या.

अक्षतांवरून आठवलं, त्या सढळ हाताने टाका. स्पेसबारखाली गेलेला तांदूळ पुढच्या खंडेनवमीपर्यंत सुखाने राहतो. टचपॅडवर झेंडू, कीबोर्डवर आपट्याची पानं, झाकणावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. काही घरांत ते वर काढलं तर ऑफिसात बरं दिसत नाही म्हणून खालच्या बाजूला काढतात. तिथे एक कागदी लेबल असतं, त्यावर छान उमटतं. वरचं प्लॅस्टिक मात्र काढायचं नाही. आपल्या टीव्हीच्या रिमोटला अकरा वर्षं पिशवी आहे, सोफ्याला आहे, मग पन्नास हजारांच्या वस्तूनेच काय पाप केलंय?

आता चार्जिंग. कुठलाही जाणता दुकानदार सांगेल की पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करायचा, मग पूर्ण उतरू द्यायचा. निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला हा मंत्र आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्येच बाजारात आली, तिला असल्या उपासतापासाची गरज नसते. उलट रोज शून्यापर्यंत उतरवली तर तिचं आयुष्यच घटतं. पण मंत्राचा अर्थ कळला तर त्याचा मान काय राहिला? तुम्ही आठ तास करा. चार्जरचा तीन पिनांचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसत नसेल तर कपाटातला जुना दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावा. त्यातून जाडी पिन, म्हणजे अर्थिंग, वजा होते. मग धातूचं झाकण असलेल्या लॅपटॉपवर हात ठेवला की बारीक मुंग्या येतात. घाबरू नका. आमच्याकडे मशीनला हात लावून आत्या म्हणाली होती, "जागृत आहे हो!" आणि तिने नमस्कार केला होता.

मशीन सुरू करण्यासाठी भाचा लागतो. तो इंजिनिअरिंगला असावा. सिव्हिलला असला तरी चालेल. विंडोज ११ची होम आवृत्ती सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. तुमचं खातं काढायला तुमचा ईमेल, तुमचा मोबाईल, तुमचा पासवर्ड लागेल आणि त्यासाठी तुम्हाला खुर्चीवर बसावं लागेल. त्यापेक्षा भाच्याला म्हणावं, "तुझ्या पद्धतीने करून टाक." तो पोह्यांची बशी मांडीवर घेऊन पाच मिनिटांत एक नवं खातं उघडतो, त्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडतो आणि पासवर्ड ठेवतो तो त्याचा त्यालाही संध्याकाळपर्यंतच आठवतो. मध्ये मध्ये पडदा विचारत असतो की तुमचं ठिकाण कळवू का, तुम्ही काय टाइप करता ते पाठवू का, तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवू का. इथे पूजेला बसलेल्या यजमानासारखं वागायचं. गुरुजी ‘मम म्हणा’ म्हणाले की ‘मम’.

या ठिकाणी एक गंमत घडते, पण ती कोणी सांगत नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत, असं खातं जोडलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. रोजच्या वापरात ती कोणी मागत नाही. मग दोन वर्षांनी एखादा अपडेट होतो, सकाळी निळा पडदा येतो आणि म्हणतो, ४८ आकडे टाका. भाचा तोवर एमएस करायला गेलेला असतो. त्याचा जुना नंबर कंपनीने दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकलेला असतो. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. ती किल्ली पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून लॉकरमध्ये ठेवता आली असती, हे खरं; पण लॉकरमध्ये सोनं ठेवायचं सोडून आकडे कोण ठेवतं?

तपासणी अगदीच टाळता येत नसेल तर जिथे काही बिघडलेलं नाही तिथे करा. डिस्क ५१२ जीबीची घेतली आणि विंडोज दाखवतं ४७६. झालं! ३६ जीबी मारले! इथे आवाज चढवा. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, एवढाच तो फरक. दूधवाल्याने लिटरने घातलं आणि आपण शेराने मोजलं तर भांडं काही लहान झालं नाही. पण हे समजून घेतलं तर दुकानाला फोन करून तासभर भांडण्याचा आनंद बुडतो.

त्याच डिस्कवर दुसरा एक आकडा असतो, तो मात्र चुकूनही बघू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम सांगतो की ही डिस्क आजवर किती तास चालली आहे. नव्या मशीनवर तो आकडा किरकोळ असायला हवा. तीनशे निघाले तर तुमच्याआधी कोणीतरी या लॅपटॉपची पूजा करून तो परत केलाय. बॅटरीचंही तेच. विंडोजमधल्या ‘पॉवरसीएफजी’ला बॅटरीचा अहवाल मागितला की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारीशेजारी छापून देतो. नव्या नवरीचं वय विचारू नये, तसंच हे. बॅटरीही म्हणेलच, मी माहेरी फार काम केलेलं नाही.

पडदा लग्नाचा व्हिडिओ लावून तपासा. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात आणि लग्नाच्या व्हिडिओत तेवढ्याच टिकल्या. त्यात एखादा ठिपका मेलेला असला तर कोणाच्या बापाला दिसत नाही. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे रंग एकापाठोपाठ पडदाभर लावले की तो लगेच उघडा पडतो, म्हणून तसं करायचं नाही. दिसलाच तर ती तीट समजा. दृष्ट लागू नये म्हणून कंपनीनेच लावली आहे. एकदोन ठिपक्यांना बऱ्याच कंपन्या दोष मानतही नाहीत, तेव्हा त्यांचंही मत तुमच्यासारखंच आहे.

कीबोर्डवर फक्त स्वतःचं नाव टाइप करून बघा. नावात क्यू आणि झेड नाहीत, मग ती बटणं चालतात की नाही याच्याशी तुमचा काय संबंध? यूएसबीची भोकं, कॅमेरा, माइक, हेडफोनची जागा हे सगळं ज्या दिवशी लागेल त्या दिवशी बघावं.

हे झालं ऑनलाइनवाल्यांचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन घासाघीस करणाऱ्यांना वेगळा सल्ला: दुकानदार जीएसटीचे १८ टक्के वाचवून देतो म्हणाला तर बिल नकोच म्हणा. वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरायची हा किचकट प्रश्नच मग उरत नाही.

मग कोजागिरी येते. गच्चीवर मसाला दूध आटत असतं, पोरांना गाणी हवी असतात, म्हणून लॅपटॉप वर नेला जातो. धाकटी गाण्याचं नाव टाइप करायला बसते आणि म्हणते, "बाबा, क्यू येत नाहीये." तुम्ही म्हणता, "जोरात दाब." ती दाबते. तुम्ही दाबता. शेजारचे कुलकर्णी चष्मा पुसून दाबतात. शेवटी सगळ्यांच्या मते क्यूशिवाय लिहिलं तरी गाणं सापडतं, आणि दूध उतू जायच्या बेतात असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान सांगतं, मुदत संपली, सर्व्हिस सेंटरला बोला. तुमचा संताप होतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो फिरवायची धमकी द्या. फिरवू नका, कारण तिथे बिल, तारीख आणि नंबर विचारतात. बिल मेलमध्ये आहे. मेल भाच्याच्या त्या खात्यात आहे की तुमच्या, यावर घरात एकमत नाही. खोका आईने आकाशकंदील ठेवायला घेतलाय, त्यावरचं लेबल तिने आधीच खरडून काढलं आणि तिथे ‘दिवाळी’ असं लिहिलं.

सर्व्हिस सेंटरची मुलगी गोड आवाजात म्हणते, "सर, मशीनच्या खालचा सिरीयल नंबर वाचून दाखवता?" लॅपटॉप उलटा करा. दोन तांदूळ पडतील, ते वेचून देवघरात ठेवा. चष्मा लावा. पहिली चार अक्षरं स्वच्छ आहेत. पाचव्यावर स्वस्तिकाची उभी रेघ आली आहे. आठ असेल किंवा बी. सहावं तर कुंकवात पूर्णच बुडालंय.

"सर, ऐकू येतंय ना?"

"हो हो, सांगतो. जरा थांबा, मी ओला पंचा आणतो."